उपसलेली विहीर

ज्या विहिरीत एका मुलीने उडी मारली म्हणून सगळं पाणी उपसून टाकलं, त्याच विहिरीच्या काठावर तिला हार घालताना माणसाचा हात जरा तरी थरथरू नये का?

काल आमच्या गावात विहीरमालक अण्णांचा हात थरथरला नाही. सत्काराच्या मंडपात मी तो हातच बघत बसलो होतो. सुरेखा आमच्या वस्तीतली. पाठीला वाळका भोपळा बांधून ती अण्णांच्या विहिरीत चोरून पोहायला शिकली. अण्णांना कळलं तेव्हा याच हाताने त्यांनी इंजिन लावलं आणि ‘बाटलेलं’ पाणी दुपारभर ओढ्यात सोडलं. पुढे सुरेखा जिल्ह्यात जिंकली, देशात जिंकली, आणि आता ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आली.

“आमच्याच विहिरीत शिकलीस हो पोरी!” अण्णा माइकवर म्हणाले.

सुरेखाने हार उतरवला, बूट काढले आणि गावादेखत विहिरीत सूर मारला. वर येऊन ओरडली, “अण्णा, विहीर पुन्हा बाटली! लावा इंजिन!”

वस्तीतल्या बाया खदखदून हसल्या. एक म्हणाली, “डिझेल आम्ही देतो की!”

अण्णांची मान खाली गेली. पाणी मात्र हलत राहिलं, निवांत. त्याला कुणाचीच जात कधी कळली नव्हती. मला कळते. म्हणून ती वाकलेली मान मी डोळे भरून पाहिली, आणि तरी माझं समाधान झालं नाही.

तुमच्या गावात एखादी विहीर अजून कुणासाठी बंद असेल, तर या उन्हाळ्यात त्याच वस्तीतल्या पोरींना तिथे पोहायला शिकवा. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.