आत्याच्या माहेरवाशिणी

पोलादपूरच्या डोंगरात सर्वांत जास्त माहेरवाशिणी कुणाच्या दारी आल्या असतील, तर माझ्या आत्याच्या. आणि त्यांतली एकही माणूस नव्हती. पावसाळ्यात मातीतून वर येणारा, बोथट शेपटीचा खापरखवल्या साप आमच्या वाडीला दुतोंड्या म्हणूनच ठाऊक. दिसला की काठी. आत्या मात्र नाचणीच्या शेतात असो की उकिरड्याशी, कुणी ‘दुतोंड्या’ म्हणून ओरडले की मूठभर तांदूळ घेऊन धावे, ते सापापुढे ठेवी आणि जाहीर करी, “ओटी भरली. माझी माहेरवाशीण हाय ती. आता मारा बघू.” ओटी भरलेल्या लेकीवर हात कोण उचलणार? शेजारच्या तात्यांनी एकदा कुरकुर केली, “गो बाय, दोन तोंडं हायत तिला.” आत्या म्हणाली, “तुमच्या घरात एका तोंडाचं कोण हाय?” तात्या आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, पण काठी त्यांनी खाली ठेवली.

मी महाडला मास्तर होतो. मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा माझा मित्र एकदा स्पिरिटची बाटली घेऊन वाडीवर आला. उकिरड्याशी निघालेल्या, पोटाला पिवळे पट्टे असलेल्या एका सापापुढे त्याने चिखलातच बैठक मारली. “असा साप अजून कुणी नोंदवलेला नाही,” तो म्हणाला. “नेला तर याला नाव मिळेल, आणि मलाही.” पण तांदूळ आधीच पडले होते.

“नाव ठेवायचं तर ठेवा,” आत्या म्हणाली, “बाटलीत नाय ठेवायचं. लेकीला कुणी बुडवतं?”

त्याने समजावले, विनवले, शेवटी चिडला. तेवढ्यात माहेरवाशीण भुसभुशीत मातीत शिरली आणि शेपटीने दार लावून बसली. आत्याने त्याला आग्रहाने जेवू घातले. तसा साप त्याला पुन्हा कधी दिसला नाही, आणि त्याचे नाव व्हायचे राहिले ते राहिलेच.

आत्या कोवळ्या वयात विधवा होऊन तुडीलच्या सासरहून परत आली होती. वाडीतल्या एकाही सवाशिणीची ओटी तिच्या हातून भरलेली नव्हती. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते, आणि कुणी त्यावर बोलत नसे. माझी बायको मुंबईला माहेरी निघाली, तेव्हा निरोप घेताना म्हणाली, “आत्याबाई, माझी ओटी भरा.”

“तसं बोलू नये गो. माझ्यासारखीनं भरायची नसते.”

“सापांची भरता ती?”

“ती आंधळी. माझं कपाळ बघत नाय.”

बायकोने पदर पुढे केला. तांदूळ आणते म्हणून आत्या आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. दासगावच्या बंदरावरची लाँच चुकेल म्हणून शेवटी आम्ही निघालो. डोंगर उतरेपर्यंत बायको पदर तसाच धरून चालत होती.