खंडेनवमीला वाजलेला 'घण'

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नाशिकची तांबट आळी सोडली. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, पाया पडलो तेव्हा ते हंड्यावर ठोके देत होते. हात न थांबवता म्हणाले, "जा. तिकडंही ठोकाठोकच करशील." पिढीजात धंदा टाकून परक्याची नोकरी धरली याचा त्यांना राग होता. पुढं पत्रं आली ती आईचीच. आळीत राहिलेल्यांनो, तुम्हाला हे ठाऊक आहे. आणि माझ्यासारखं पुण्याजवळच्या नाशिक फाट्यावर ट्रंक घेऊन उतरलेल्यांनो, तुमच्यातल्या निम्म्यांचे बापही असेच रुसलेले होते.

चिंचवडच्या कंपनीत मला प्रेस शॉप मिळालं, पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मशीनचं. प्रेस आदळायला लागले की बोलणं बंद, सगळा कारभार हातवाऱ्यांनी. टूलरूममधला विल्फ्रेड गिटार वाजवायचा. त्यानं एकदा एक परदेशी कॅसेट ऐकवली. म्हणाला, याला हेवी मेटल म्हणतात. मी म्हटलं, अरे, ही तर आपली फर्स्ट शिफ्ट! पुनावळ्याचा रामभाऊ, आमच्याच शॉपमधला, भारुडं झकास म्हणायचा. त्याला गायला धरला. मी ड्रमवर बसलो. बँडचं नाव ठेवलं 'घण'. सांगवीच्या एका गोठ्यात रविवारी सराव चालायचा, मालकिणीनं "म्हशी आटल्या माझ्या" म्हणून हाकलेपर्यंत.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडायचे. पूजेनंतर शेडमध्ये आमचा पहिला कार्यक्रम ठरला. मी दादांना पत्र टाकलं, या म्हणून. आणि ते खरंच आले, आईबरोबर पहिल्या रांगेत बसले. ते मधेच उठून गेले असते, तर मी पुन्हा नाशिकला तोंड दाखवलं नसतं.

घोळ आम्ही आधीच घालून ठेवला होता. स्पीकरचा आवाज जुळवायला बाहेरचा कुणी घ्यायचा, तर आम्हीच बसलो, प्रेसनं कान गेलेली माणसं! "वाढव राव, न्हाई ऐकू येत," रामभाऊ म्हणाला. विल्फ्रेडनं वाढवला. मी हातानं खूण केली, अजून. मग काय, पहिल्याच ठोक्याला पोरं भोकाड पसरून रडली, मॅनेजरसाहेब पेढ्यासकट बाहेर. दुसऱ्या गाण्याला शेड रिकामी. आईसुद्धा कानांवर पदर दाबून दाराबाहेर उभी राहिली.

दादा मात्र बसून होते. तांबं ठोकून ठोकून त्यांचेही कान गेलेले. त्यांना सगळं बेताचंच वाटत होतं. उजव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरला होता.

शेवटी जवळ आले आणि दाराबाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "हंडा फिरवतानाही डावा हात घाई करायचा तुझा. घरी ये, बसवून देतो."

मी रडलो, लपवू कशाला. दिवाळीला गेलो, त्यांच्या मांडीला मांडी लावून हंडा ठोकला.

बँड वर्षभर चालला. मग विल्फ्रेड गल्फला गेला, रामभाऊला युनियननं ओढलं. मी चिंचवडलाच राहिलो, इथंच घर बांधलं. पण घर म्हटलं की मला आधी दादांचं ते मोठ्यानं म्हटलेलं "घरी ये" ऐकू येतं. हल्ली दुसरं फारसं काही ऐकूही येत नाही.