लढत थांबवणाऱ्या सामंतबाई

लढतीआधी सामंतबाई प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांत टॉर्च मारायच्या आणि विचारायच्या, "काल झोप लागली का? खोटं बोलू नकोस, मला दिसतं." धिप्पाड पैलवान त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखे उभे राहत.

बाई नेरूळच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या डॉक्टर. मी तळवलीचा. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवायची कंपनी मी काढली, तेव्हा लढायचा जाळीचा पिंजरा भाड्याचा होता आणि पहिल्या लढती गावच्या लग्नाच्या हॉलमध्ये झाल्या. डॉक्टर म्हणून यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. त्या दिवशी माझ्या चुलतभावाची भुवई फाटली आणि बाईंनी हात वर केला. लढत बंद. सगळं गाव बोंबलायला लागलं. बाई ढिम्म. "ओरडू देत रे," म्हणाल्या, "ओरडण्याने कुणाचं डोकं फुटत नाही."

कंपनी वाढली. वाशीत मोठं सभागृह, परराज्यांतले खेळाडू, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, दिल्लीचे भागीदार. एकदा मुख्य लढत बाईंनी दुसऱ्याच मिनिटाला थांबवली. भागीदार चिडले. "डॉक्टर बदला," म्हणाले. मी नेरूळला जाऊन तोंडावर सांगायला हवं होतं. मी मोबाइलवर निरोप धाडला. "ठीक. पोरांना जप," एवढंच उत्तर आलं.

पुढच्याच कार्यक्रमात मोरा गावचा नीलेश डोक्यावर फटके खात राहिला. नव्या डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. नीलेश जगला, पण उजवा हात आणि बोलणं गेलं.

हॉस्पिटलात बाई न बोलावता आल्या आणि नीलेशच्या आईशेजारी बसल्या.

"बाई, माझं चुकलं," मी रडत म्हणालो.

"मला काय सांगतोस? हिला सांग."

मला ते जमलं नाही. कंपनी मात्र मी सोडली.

बाई दर रविवारी बसने मोऱ्याला जायच्या, नीलेशला एकेक शब्द शिकवायच्या. "पाणी" यायला त्याला चार महिने लागले. पुढच्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने बाई गेल्या. नीलेशची आई स्मशानाबाहेर उभी होती. मी जवळ गेलो, आणि हॉस्पिटलात राहून गेलेलं बोललो.

"आता कोन येनार?" ती म्हणाली. "त्याला रविवारची सवय हाय."

"मी येतो."

"या."

तेव्हापासून मी जातो. कसं शिकवायचं ते त्याची आईच मला दाखवते. मी आत शिरलो की नीलेश हसतो, ओठ जुळवतो आणि म्हणतो, "बाई."

मी त्याला दुरुस्त करत नाही.