आत एक

मला यादीशिवाय काम सुचत नाही. घरची यादी फ्रिजवर, कामाची पर्समध्ये. त्या वर्षी कामाच्या यादीत वर एकच ओळ होती, जुना सर्व्हर बंद करणे, आणि तिच्याखाली पानभर बारीक कामं.

मी कर्जतजवळ भिसेगावात राहते. कारखाना चौक गावाच्या पुढे, खालापूरच्या बाजूला. रसायनं बनतात. तिथले सगळे संगणक सांभाळणं हे माझं काम. जुना सर्व्हर म्हणजे मेनफ्रेमच्या घराण्यातलं कपाटाएवढं यंत्र. त्याच्या खोलीत एसी इतका की भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायची. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, त्याचा डाग पुढच्या झाकणावर कायमचा बसला होता. पगार, माल, गेटवरची ये-जा, सगळं त्याच्या पोटात. ते नव्या सर्व्हरवर न्यायचं, काही दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालवायचे आणि आकडे जुळले की जुना बंद करायचा, असं ठरलं होतं.

आकडे जुळले, एक सोडून.

कारखान्याच्या मागे, डोंगराच्या अंगाला सॉल्व्हंटची, म्हणजे रसायनं विरघळवायच्या द्रवांची, शेड आहे. तिला एकच दार. आत जाताना कार्ड दाखवायचं, बाहेर येताना दाखवायचं. आत किती माणसं आहेत ते पडद्यावर दिसतं आणि धोक्याचा भोंगा झाला की तोच आकडा बघतात. शेड पूर्ण रिकामी असली की नवा पडदा दाखवायचा, आत शून्य. जुना दाखवायचा, आत एक.

मी संभाव्य कारणं लिहून काढली. दाराजवळची कार्ड वाचणारी डबी ओलसर झाली असेल. दोन्हींची घड्याळं मागेपुढे असतील. एकच नोंद दोनदा पडली असेल. एकेक तपासून खोडत गेले. शेवटी ती नोंदच उघडली. आत गेल्याची वेळ होती, मी नोकरीला लागण्याच्याही आधीची. बाहेर आल्याची जागा रिकामी होती. नव्या सर्व्हरने मोजणी कोरी सुरू केली होती, म्हणून तो शून्य दाखवत होता. शेजारी आणखी एक रकाना होता, कार्ड शेवटचं केव्हा दाखवलं त्याचा. तो मात्र जुना नव्हता. मागच्याच आठवड्यातला होता. चार दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर त्यातली तारीख पुढे सरकली होती.

शेडचे शिफ्ट इन्चार्ज कोंडाण्याकडचे, निवृत्तीला आलेले. कँटीनमध्ये चहा घेताना मी त्यांना विचारलं, "हे कार्ड कोणाचं आहे हो?"

"माज्या भावाचं, ताई."

"तुमचा भाऊ इथे कामाला आहे?"

"कामालाच हाय म्हणा आता."

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ शेडमध्येच गेला, वायूने. त्याला बाहेर काढायला मागचा पत्रा कापला होता, त्यामुळे दारातून तो आलाच नाही. कार्ड खिशात होतं. ते त्याच्याबरोबर चितेवर जळलं.

"मी म्हटलं एक कप त्याच्या नावाचा ठेवत जाते," कँटीनवाली बाई मागून म्हणाली. "तर हे नाय म्हणतात. म्हणतात, सवय लागंल त्याला."

"लागली आसती तर बिल तू मलाच लावलं आसतंस," ते म्हणाले.

भोंग्याच्या सरावाला ते काय करायचे ते मी आधी पाहिलं होतं, अर्थ आता कळला. सगळे गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली जमायचे. पडद्यावर एक जण आत दिसतोय, म्हणजे कोणीतरी जाऊन बघायला हवं, म्हणून हे पाठीवर सिलेंडर बांधून, तोंडावर मास्क लावून जायचे. पूर्ण शेड फिरायचे. दाराशी येऊन मास्क बाजूला करून म्हणायचे, "चल रं, भायेर ये." मग मागून कोणी येतंय असं समजून दार जरा धरून ठेवायचे आणि सोडायचे. दाराला कडक स्प्रिंग होती. धाडकन आपटायचं.

मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, ते भूत काढून टाका. ऑडिटला काय सांगायचं?" मी यादीत लिहिलं, उघडी नोंद साफ करणे.

इन्चार्जना कळलं तेव्हा ते खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "ताई, तो आकडा काढलात तर आत बगायला कोण जाईल?"

"तुम्ही जाल की."

"आन मी रिटायर झाल्यावं?"

मी ते काम यादीच्या तळाला टाकलं.

ते काम तसंच बाकी असताना, एका दुपारी जेवणानंतर भोंगा झाला. सराव नव्हता. पाइपाचा जोड सुटला होता आणि गोडसर वास गेटपर्यंत आला होता. आम्ही बदामाखाली जमलो. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही पडदे शेजारी शेजारी उघडे होते. मॅनेजरनी नवा पाहिला. "शून्य. सगळे बाहेर आहेत. आता अग्निशमनवाले येईपर्यंत कोणी जायचं नाही."

इन्चार्जनी माझ्याकडे पाहिलं. "जुन्यावं?"

"एक."

"अहो, तो तुमचाच," मॅनेजर म्हणाले. "त्याला आता काय होणार आहे?"

"त्यो एकलाच हाय का जोडीला कोण हाय, बगून येतो." मास्क आवळत ते निघालेसुद्धा. नियमाने सोबत जायच्या जोडीदाराचा सिलेंडर अजून बांधून व्हायचा होता.

ते बाहेर आले ते पाठमोरे. पाठीने दार ढकलत, एका माणसाला काखेत हात घालून ओढत. ठेकेदाराचा रंगारी होता. दोन रंगारी एकाच्या कार्डावर आत गेले होते. आमच्याकडे हे रोजचं. पुढच्याने मागच्यासाठी दार धरलं नाही तर माणूस तुसडा ठरतो. कार्डवाला चहाला बाहेर आला, तेव्हा नव्या पडद्याने शून्य मोजलं. दुसरा टाकीमागे पडला होता.

इन्चार्जचे दोन्ही हात रंगाऱ्याला धरण्यात गुंतले होते. त्यांची पाठ दारापासून सुटली. दार आपटून रंगाऱ्याच्या पायांवर यायला हवं होतं. ते उघडंच राहिलं. पाय निघाले, तरी उघडं होतं. मग सावकाश, आवाज न करता मिटलं. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बदामाखालची गर्दी एक पाऊल मागे सरकली, कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

रंगारी वाचला. अँब्युलन्स गेल्यावर इन्चार्ज माझ्याजवळ आले. "किती?"

"शून्य."

"नव्यावं नाय. जुन्यावं."

"जुन्यावरच सांगतेय."

बाहेर आल्याची जागा भरली होती. वेळ त्याच दुपारची होती. ते बदामाच्या पारावर दाराकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "घरी जायला लय उशीर केला त्यानं."

मी पुन्हा कारणांची यादी केली. डबीत वायू गेला असेल, वायर हलली असेल. या वेळी काहीच खोडता आलं नाही.

जुना सर्व्हर ठरल्याप्रमाणे बंद केला. त्याआधी नव्यात एक गोष्ट घातली. शेडच्या मागच्या भिंतीवर आतून, जिथे पत्रा कापला होता तिथे, कार्डाची आणखी एक डबी बसवली. कोणीतरी तिथपर्यंत जाऊन स्वतःचं कार्ड दाखवल्याशिवाय 'सगळे बाहेर' असं पडद्यावर येतच नाही.

"आत शून्य असेल तरी?" मॅनेजरनी विचारलं.

"शून्य असेल तेव्हाच," मी म्हटलं.

इन्चार्ज निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ घाटावरचे, त्यांना यातलं काही माहीत नाही. पहिल्या सरावाला ते आत गेले, मागच्या डबीला कार्ड दाखवलं, बाहेर आले आणि दार धरून जरा थांबले. मग सोडलं.

"दार का धरलंत?" मी विचारलं.

"मागून कोणीतरी येत होतं ना," ते म्हणाले आणि वळून बघायला लागले.

पडद्यावर शून्य होतं. मी त्यांना म्हटलं, परत एकदा आत जाऊन बघून या.