तालात करपलेला भात

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या भाताला वाडीत मान आहे. हातखंब्याहून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे पूजा असो, बारसं असो, कुणाच्या घरचं कार्य असो, भाताच्या टोपाशी उभं राहायला त्यांनाच बोलावणं येतं. आमटीला, भाजीला पाच जणींचे हात लागले तरी चालतात, पण भाताच्या टोपावरचं झाकण त्यांच्याखेरीज कुणी उचलायचं नाही. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा एकदा उचललं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गुपचूप परत ठेवलं. पुढे आम्ही रत्नागिरीत मांडवीला बिऱ्हाड केलं त्याचं कारण माझी बँकेतली नोकरी, असं मी सगळ्यांना सांगते. झाकणाचाही त्यात थोडा वाटा आहे.

हे आधी सांगून ठेवलं, कारण अलीकडे परदेशातल्या कितीतरी लोकांनी आमच्या जाऊबाईंचा आवाज ऐकला, आणि त्या आवाजात त्या सांगताहेत की भात करपला.

त्याचं असं झालं. आमच्या नणंदेची मुलगी मुंबईत गाणी करते. लिहिते तीच, गाते तीच, आणि एका खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून त्यांना वाद्यंही तीच जोडते. दिवाळी झाली, भात झोडून घरात आला, तेव्हा ती गावी आली. तिला फुगडीची गाणी रेकॉर्ड करायला हवी होती. जाऊबाई आधी तयारच नव्हत्या. म्हणाल्या, "गौर नाय, गणपती नाय, उगाच कशाला नाचायचा गो?" पण भाची लाडकी. लहानपणापासून सुट्टीत यांच्याच मागे मागे फिरलेली. शेवटी "एकच म्हणतंय" असं बजावून त्या उठल्या आणि मग एकामागून एक म्हणतच राहिल्या.

मीही तेव्हा गावी गेले होते. माजघरात आम्ही चौघी होतो. जाऊबाई, शेजारच्या घरातल्या दोघी आणि मी. फुगडी रंगात आली की गाणं थांबतं आणि तोंडाने नुसता श्वासाचा ताल धरायचा असतो, त्याला आम्ही पकवा म्हणतो. माझ्याकडे गळा नाही, पण पकवा आहे. देहही त्याला साजेसा आहे. तर आम्ही तिघी पकवा धरून होतो आणि जाऊबाई म्हणत होत्या,

कातळावर फुलं गो, फुलं कुणाची?
पाटावर गौर गो, लेक कुणाची?

त्या गाताना डोळे मिटून घेतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. स्वयंपाकघरात त्या मान वळवून बोलतसुद्धा नाहीत, एक डोळा कायम चुलीवर. त्या दिवशी डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून त्या असं काही म्हणत होत्या की मला माझ्या आईची आठवण आली. तेवढ्यात माजघरात वास आला. जाऊबाईंनी डोळे उघडले आणि त्याच सुरात, त्याच तालात, पुढची ओळ म्हणावी तसं ओरडल्या,

"गो बाय माजे, भात करपला!"

त्या धावल्या. आमचा पकवा मात्र लगेच थांबेना. श्वास लागला की एकदोन फेरे आपोआप होतातच. तेही सगळं भाचीने टिपलं आणि मग ती हसून हसून भुईवर बसली. तो भात गुरांच्या पुढ्यात गेला. आम्हाला त्याचं एक शितही मिळालं नाही. जाऊबाईंनी आमच्यासाठी घावनं घातली.

शिमग्याच्या सुमाराला गाणं आलं. भाचीने आमच्या कातळावरच्या फुलांना खाली ढोल जोडला होता, गिटार जोडली होती, स्वतःचा आवाजही मिसळला होता. फारच गोड झालं होतं. आणि दर कडव्याच्या शेवटी सगळं वाजणं एकदम थांबायचं, जाऊबाई ओरडायच्या आणि मग आमचा पकवा सुरू व्हायचा. जाऊबाईंनी ते थोरल्या दिरांच्या मोबाईलवर पदर सावरून, अगदी टीव्हीवर दिसत असल्यासारखं बसून ऐकलं. आपला आवाज ऐकून लाजल्या. मग ती ओळ आली.

"ता काढ," त्यांनी लगेच भाचीला फोन लावून सांगितलं.

"मामी, त्याच्यामुळेच तर मजा आहे. आणि ऐकणार आहे कोण? शंभर जण ऐकतील, त्यातले निम्मे आपलेच."

"आपलेच तर नकोत," जाऊबाई म्हणाल्या.

पण भाचीने फारच गयावया केली म्हणून त्यांनी सोडून दिलं आणि गाणं तसंच इंटरनेटवर गेलं. भाचीचंही खोटं नव्हतं. त्याआधीची तिची गाणी खरोखर आम्हीच ऐकायचो, तेही तिने दोनदा आठवण करून दिल्यावर.

आमच्या शेजारणीचा नवरा जहाजावर आहे. मांडवीत दर चार घरांआड एक असा बोटीवर गेलेला असतो. आंब्याच्या ऐन दिवसांत, मी पेट्यांचं गवत आवरत होते तेव्हा शेजारीण मोबाईल घेऊन धावत आली. तिचा नवरा रॉटरडॅमला उतरला होता आणि कपड्यांच्या एका दुकानात उभा राहून व्हिडिओ कॉल करत होता. म्हणाला, "काकी, तुमच्या घरचा भात हिते येऊन करपलाय." आणि त्याने फोन वर धरला. दुकानाच्या छतातून आमच्या जाऊबाई ओरडत होत्या. खाली गोरी माणसं शर्टांच्या बाह्या ताणून बघत होती.

मग ते वाढतच गेलं. आधी एका देशाच्या चार्टवर खालच्या टोकाला ते गाणं दिसलं, मग शेजारच्या देशाच्या, मग पार समुद्रापलीकडच्या. पहिल्या दहांत आलं त्या दिवशी भाचीचा फोन आला तर तिला बोलताच येईना, नुसती रडत होती आणि मध्येच हसत होती. मी आमच्या गल्लीत पेढे वाटले. तिकडची पोरं त्यावर नाचून व्हिडिओ करत होती. आमची ओळ आली की सगळी जागच्या जागी थिजायची, छातीवर हात ठेवायची आणि पकव्यावर परत सुटायची. कुणीतरी लिहिलं होतं की ही विरहाची आर्त हाक आहे. दुसऱ्याने विचारलं होतं की ते श्वासासारखं वाजणारं वाद्य कुठल्या वाळवंटातलं. ते वाद्य तेव्हा मांडवीत फणसाचे गरे खात बसलं होतं.

भाची खोटं बोलणारी नाही. एका मुलाखतीत तिला अर्थ विचारला आणि तिने सांगून टाकला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या पेपरात करपलेल्या भाताची बातमी आली.

हातखंब्याच्या नाक्यावर दीर चहाला थांबले की लोक विचारू लागले, "काय, आज जेवलाव का नाय?" दीर हसायचे आणि घरी येऊन सांगायचे. तिथेच ते चुकले. त्याच वैशाखात वाडीत एक लग्न झालं आणि जेवणाला कॅटरर आला. मुलीचा बाप मुंबईला नोकरीत, त्याने कॅटरर दिवाळीतच ठरवून ठेवला होता. मी स्वतः त्याला विचारलं. पण जाऊबाईंना पटेना. त्या लग्नात त्या पाहुण्यासारख्या खुर्चीवर बसल्या, वाढलेला भात बोटांनी चिवडला आणि उठल्या. कार्यात त्यांना असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून त्या भाचीशी बोलेनाशा झाल्या. फोन आला की दिरांच्या हातात द्यायच्या.

श्रावणात मी मुद्दाम गेले. माझा रागीट स्वभाव, मी ठरवूनच गेले होते की आज चार शब्द सुनवायचे. पोर तिकडे झुरते आहे आणि यांचं आपलं भातच चाललंय. त्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी मोबाईल पुढे धरला आणि परदेशातल्या पोरांचे नाच दाखवले. त्यांनी मन लावून पाहिले.

"ही पोरा काय म्हणतात ता त्यांना कळता?"

"नाही कळत."

"मग बरा," त्या म्हणाल्या. पुढचा वाल सोलता सोलता म्हणाल्या, "पण आपल्यांना कळता."

"जाऊबाई, तुम्हाला कोणी हसत नाहीये."

"हसू दे नायतर नको. करपलाच ना?" वालाची साल त्यांच्या नखात अडकली होती ती त्यांनी काढली. "इतकी वर्सा रांदतंय, टोप कदी विसरलंय नाय. त्या दिवशी गाण्यात विसरलंय. म्हणून आता ठरवलंय. गौरीला रांदीन, पण म्हणणार नाय. दोन्ही एका वेळी करायला गेलंय, म्हणून झाला ह्या."

मला एकदम कळलं की यांचं भांडण भाचीशी नव्हतंच. यांना गाणं आवडलं होतं, फार आवडलं होतं, आणि त्याची त्या स्वतःला शिक्षा करत होत्या. मी वाल सोलू लागले. परत येताना एसटीत मला वाईट वाटत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

गणपतीला भाची आली. गौरीच्या दिवशी घर भरलं होतं, मुंबईचे सगळे आले होते. भाची सकाळपासून मामीच्या आसपास घुटमळत होती, पाणी आणून देत होती, नारळ खवून देत होती. जाऊबाई घेत होत्या, पण मान वर करत नव्हत्या. आमच्याकडे गौरीला तिखटं जेवण असतं, म्हणून चुलीवर मटण होतं, वड्यांचं पीठ मळून ठेवलेलं होतं आणि मोठ्या टोपात भात चढला होता.

दिवेलागणीला बायका जमल्या. यंदा वाडीतल्या सगळ्या आल्या, ज्या एरवी टीव्हीपुढून हलत नाहीत त्यासुद्धा. सगळ्यांना तेच गाणं हवं होतं, आणि ते कुणी सुरू करेना. शेवटी दोघीतिघींनी भाचीला मध्ये ढकललं. ती म्हणू लागली. कातळावर फुलं गो, फुलं कुणाची. आम्ही पकवा धरला. कडवं संपत आलं तशी माझ्या मनात धाकधूक सुरू झाली, कारण पुढची ओळ आता कोण म्हणणार? भाचीने म्हटली नाही. ती थांबली. आम्ही सगळ्या थांबलो. गौरीपुढे इतक्या बायका उभ्या होत्या आणि कुणाची बांगडी वाजली नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, बरोब्बर तालावर, हाक आली.

"गो बाय माजे, भात शिजला!"

हशा असा उसळला की माझ्या पकव्याची वाट लागली. भाची तशीच उभी होती, तोंडावर हात धरून. जाऊबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि फुगडीला हात पुढे केले.

"टोप खाली उतरवलाय," त्या म्हणाल्या. "आता म्हण."

त्या दोघी फिरू लागल्या. जाऊबाईंनी डोळे मिटले. एक गाणं झालं, दुसरं झालं, त्या थांबायचं नावच घेईनात. पुरुषमंडळी पडवीतून दोनदा डोकावून गेली, मुलं भुकेली झाली, दिरांनी एकदा खाकरून पाहिलं. मी त्यांना हातानेच गप्प बसवलं.

सगळ्यांची पानं मांडली तेव्हा वडे तळून गरम वाढले, मटण पुन्हा गरम केलं. भात मात्र गार होऊन गेला होता. जाऊबाई स्वतः वाढत होत्या. भाचीच्या पानावर त्यांनी आधी वाढला, मग माझ्या. त्यांच्या हातचा गार भात मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला आणि दोनदा मागून घेतला.