करारातलं ‘आपण’

मैत्रिणीचा निरोप तीनच शब्दांचा होता : ‘आपण सही करावी.’ तो वाचल्यापासून मी चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या आमच्या प्रयोगशाळेत अशा काही येरझाऱ्या घातल्या, की शिपाई म्हणाला, “मॅडमजी, कुछ गुम गया?”

गेलंच होतं. अर्धं पुस्तक.

बदलीवर चंदीगडला आलेल्या मराठी बायकांच्या सामानावर आम्ही दोघींनी मिळून ते लिहिलं होतं. मी साताऱ्याची, ती नागपूरची. विनोद माझे, पूर्णविराम तिचे. दिल्लीच्या एका एजंटबाईंना ते आवडलं. प्रकाशकांकडे आमची बाजू मांडायला त्या तयार झाल्या. करार एक, सह्या दोघींच्या, पत्रव्यवहाराला नाव मात्र एकीचंच. त्या रकान्यात मी मैत्रिणीला न विचारता, मोठ्या ऐटीत माझं नाव भरलं आणि करार तिला पाठवला. त्यावर हे तीन शब्द!

आता हे ‘आपण’ म्हणजे आपण दोघी, की ‘आपण’ म्हणजे सन्माननीय तुम्ही? पहिलं असेल, तर पुस्तक वाचलं. दुसरं असेल, तर बाई रुसल्या. आणि तिच्या सहीशिवाय एजंटबाई पानालाही हात लावणार नव्हत्या. मला ती कायम ‘तू’ म्हणते, फार प्रेम आलं तर ‘बे’. फोन उचलेना. तीन चहा झाले. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कराराची छापील प्रत घेतली आणि ऑटोने थेट मोहालीला, ती शिकवते त्या संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिले.

“काहून आली बे?”

‘बे’ ऐकून निम्मा जीव भांड्यात पडला. “तुझं ‘आपण’ कोणतं?”

“लिहिलं तेव्हा ‘तुम्ही’ होतं. मग दोन वर्ग घेतले, डबा खाल्ला, राग उतरला. आता ‘दोघी’ आहे.”

“मग कळवायचं नाही?”

“तू धावत येतेस का, ते पाहायचं होतं ना!”

तिने माझ्या हातातली प्रत ओढली, रकान्यातलं माझं नाव खोडून स्वतःचं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

हल्ली एजंटबाईंच्या मेल तिलाच येतात. मी तासातासाला विचारते, “काही आलं का गं?”

तिचं उत्तर ठरलेलं : ‘आपणास कळवण्यात येईल.’