गंजावर कोरलेलं नाव

वयनी गेली तेव्हा मी सिंदीच्या बाजारात वांग्याची पोती उतरवून राह्यलो होतो. पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली..." एवढंच. महिना होत आला त्याले.

ती माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, शेत माझ्या नावावर झालं, घरही. मग वयनीनं अन् गावातल्या बायांनी मिळून लग्नाकार्याची भांडी घेतली, भाड्यानं द्यायले. भात शिजवायचे मोठाले गंज, पराती, झारे. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायाही त्यात होत्या. मी म्हटलं, "वयनी, त्यांच्यासंग भागीदारी?" तर म्हणते, "भाऊजी, तुमच्या घरातला कोणता चमचा माह्या हाये, तेवढं दाखवा." आणि हसली. त्या भांड्यातलं मी कधी खाल्लं नाही. लग्नातून उपाशी उठून आलो, पण खाल्लं नाही.

तेरवीले तीच भांडी आली, बिनभाड्याची. पंगती उठल्यावर वस्तीतली कुसुमबाई ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "काकाजी, बेबीचा हिस्सा सुनेले द्यायचा हाये. तिनंच सांगून ठेवलं होतं."

"कोण बेबी? या नावाची बाई आमच्या घरात नाई. दुसरं घर पाय."

कुसुमबाईनं रिकामा गंज माझ्याकडं फिरवला आणि काठावर बोट ठेवलं. मले अक्षरं लावून लावून वाचता येते. बे... बी. ना नवऱ्याचं नाव, ना आमचं आडनाव.

लग्नात ताटातल्या तांदळावर आम्ही तिचं नाव बदललं होतं, इंदिरा. तेही कोणी घेतलं नाही. आईसाठी ती 'मोठी', माझ्यासाठी वयनी. माहेरचं नाव तिनं तेवढ्या भांड्यांवर ठेवलं... तेवढंच तिचं होतं.

कुसुमबाईनं वयनीच्या सुनेले विचारलं, "तुह्यं कोणतं नाव घालू, पोरी?"

सून माझ्याकडं पाहू लागली. घरात मोठ्याले विचारायची रीत. 'माहेरचं घाल' एवढं म्हणायचं होतं मले. मी गंजावरची अक्षरंच पाहत राह्यलो.

मग तीच म्हणाली, "मामाजी काई बोलत नाईत. पिंकी घाला, काकू."

पिंकी. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतो मी.

भांडी आता आमच्या ओसरीत पालथी असतात. न्यायले कोणी आलं का मी सवयीनं म्हणतो, "तो वयनीचा गंज घेऊन जाजो."

"कोणाचा?" लोक विचारतात.

मग मले सांगावं लागते, "बेबीचा."